किल्ली कुणाकडे होती?

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)



आज मी कुलपांबद्दल बोलणार आहे. घराच्या दाराला कडीकोयंड्यात अडकवतो त्या मोठ्या कुलपाबद्दल नाही, तर टेबलाच्या खणाला, लोखंडी कपाटाला आणि दुकानातल्या काचेच्या शोकेसला असतं त्या बोटाच्या पेराएवढ्या कुलपाबद्दल. त्याच्याकडे आपण कधी नीट बघत नाही. आम्हीही बघितलं नव्हतं, आणि त्याची किंमत आमच्या एका मैत्रिणीनं मोजली.

तीन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटानं जुन्या फर्निचरच्या दुकानातून दोन टेबलं घेतली. कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातली, पण मजबूत. एक गटाच्या खोलीत ठेवलं, दुसरं शेजारच्या बालवाडीला दिलं. आमच्या टेबलाच्या वरच्या खणाला कुलूप होतं आणि किल्ली एकच मिळाली होती. ती खजिनदार ताईंकडे. त्या ती कमरेच्या पिशवीत ठेवायच्या, झोपतानासुद्धा काढायच्या नाहीत. एका महिन्याच्या बैठकीत पैसे मोजले तर १,८५० रुपये कमी भरले. पुन्हा मोजले, तेवढेच कमी. कुणी आरोप केला नाही. फक्त एकीनं विचारलं, "किल्ली कुणाकडे होती?" सगळ्यांना उत्तर माहीत होतं. खोलीत कुणी बोललं नाही, मीसुद्धा नाही. पुढच्या बैठकीला ताई आल्या नाहीत. घरून निरोप आला, तब्येत बरी नाही.

दोन आठवड्यांनी बालवाडीच्या बाईंची किल्ली हरवली. टेबलं एकाच ठिकाणची, तर तुमची किल्ली लावून बघू का, असं त्यांनी सहज विचारलं. लावली, आणि खण उघडला. मग आम्ही दोन्ही कुलपं पुसून उजेडात बघितली. दोन्हींच्या तोंडावर तोच तीन आकडी नंबर कोरलेला होता.

मग संशय बालवाडीच्या बाईंवर घ्यायचा का? मुळीच नाही. आपली किल्ली आमच्या खणाला लागते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. शिवाय त्या जुन्या ऑफिसातल्या तशा किती किल्ल्या कुठे फिरत होत्या, कुणाला माहीत? ते पैसे कुणी घेतले की हिशेबातच चूक झाली, हे आजही कळलेलं नाही. एवढं मात्र खरं, की "किल्ली एकीकडेच होती" हे आमचं म्हणणं खोटं होतं. आणि त्या खोट्यावर आम्ही एका बाईला मनातल्या मनात दोषी ठरवलं होतं.

त्यानंतर मी हार्डवेअरच्या दुकानात आणि किल्लीवाल्याच्या टपरीवर बसून हे काम शिकले. जे शिकले ते आज सांगते.

किल्ल्या सारख्या कशा निघतात?

फर्निचरच्या बहुतेक छोट्या कुलपांत एक गोल नळी असते आणि तिच्यात पातळ पत्त्या बसवलेल्या असतात. किल्ली घातली की तिच्या दात्यांच्या उंचीप्रमाणे त्या वर-खाली सरकतात. सगळ्या पत्त्या नळीच्या आत बसल्या की नळी फिरते. एक जरी बाहेर राहिली तरी अडते.

आता हिशेब करू. समजा पाच पत्त्या आहेत आणि प्रत्येकीच्या चार उंची. चार गुणिले चार असं पाच वेळा केलं की १,०२४ प्रकार होतात. पण सगळे प्रकार कामाचे नसतात. दाते फार सपाट झाले तर कुठलीही पट्टी लागेल, म्हणून तसे प्रकार सोडून द्यावे लागतात. स्वस्त कुलपात पत्त्याही कमी असतात. कुलपं मात्र हजारोंनी निघतात. म्हणजे एकच किल्ली अनेक कुलपांना लागणारच. त्यातून ऑफिसवाले कधी कधी मुद्दाम सगळ्या टेबलांना एकाच नंबरची कुलपं मागवतात, म्हणजे शिपायाला किल्ल्यांचा जुडगा वागवावा लागत नाही. त्यांच्यासाठी ती सोय असते. तेच टेबल जुन्या बाजारातून आपल्याकडे आलं की आपल्यासाठी तो धोका होतो.

तेव्हा पहिला नियम लिहून घ्या. जुनं टेबल किंवा कपाट आणलं की आत काहीही ठेवण्याआधी कुलूप बदलायचं. साधं कुलूप शंभर-दोनशे रुपयांच्या आसपास मिळतं.

आपलं कुलूप कोणतं, ते ओळखा

आपल्याकडे लोखंडी कपाटाला सरसकट गोदरेज म्हणायची सवय आहे. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपं बनवायला सुरुवात केली, कपाटं नंतर आली, आणि ते नाव घराघरांत बसलं. पण दुकानात जाऊन "गोदरेज कपाटाचं कुलूप द्या" म्हटलं तर दुकानदार काय देणार? तुमचं कपाट गावातल्या फॅब्रिकेटरनं केलेलंही असू शकतं. कुलूप नावानं मागू नका, प्रकारानं आणि मापानं मागा. मुख्य प्रकार पाच आहेत.

पहिला, कॅम लॉक. लोखंडी कपाट, पत्रपेटी, लहान लॉकर, लाकडी शोकेस यांना हेच असतं. समोरून फक्त गोल तोंड दिसतं. दार उघडून मागून बघितलं की आटे असलेली नळी, तिच्यावर मोठा नट आणि शेवटी स्क्रूनं बसवलेली लोखंडी पट्टी दिसते. ती पट्टी म्हणजेच कॅम, आपण तिला जीभ म्हणू. किल्ली फिरवली की जीभ फिरून चौकटीच्या मागे अडकते.

दुसरा, लाकडी खणाचं कुलूप. याला मागे चौकोनी पेटी असते, ती चार स्क्रूंनी लाकडावर बसवलेली असते. किल्ली फिरवली की पेटीतून जाड खिट्टी सरळ बाहेर येते. खणात ती वर येते, कपाटाच्या दारात बाजूला. दुकानात याला मल्टिपर्पज लॉक म्हणतात.

तिसरा, दाबायचं कुलूप. सरकत्या दारांना आणि काही फाइल कपाटांना असतं. बोटानं दाबलं की आत जाऊन बंद होतं, किल्ली फिरवली की टुपकन बाहेर येतं. बंद करायला किल्ली लागत नाही, म्हणून किल्ली आत राहून जाण्याचा प्रकार याच कुलपात फार होतो.

चौथा, एका किल्लीनं तीन खण बंद करणारं. वरच्या खणाजवळ एकच कुलूप असतं आणि आतल्या बाजूनं एक लांब दांडी सगळ्या खणांमागून जाते. कुलूप फिरलं की दांडी सरकते आणि तिन्ही खण अडतात.

पाचवा, काचेच्या शोकेसचं कुलूप. एकापुढे एक सरकणाऱ्या दोन काचा असतात तिथे हे लागतं. करवतीसारखे दाते असलेली एक पट्टी आतल्या काचेच्या कडेला आकड्यानं अडकवतात आणि छोटं कुलूप त्या पट्टीवर सरकवत बाहेरच्या काचेपर्यंत आणतात. पुढे ढकलताना ते कटकट करत जातं, मागे मात्र किल्लीशिवाय येत नाही. यासाठी काचेला भोक पाडावं लागत नाही.

बदलण्याआधी हे तपासा

कुलूप बिघडलं म्हणून मला बोलावतात, आणि कितीदा तरी कुलूप चांगलंच असतं.

लोखंडी कपाट असेल तर आधी फरशी बघा. फरशी उंचसखल असली की कपाट तिरकं होतं, दार किंचित खाली येतं आणि जीभ चौकटीला घासते. दार हातानं जरा वर उचलून किल्ली फिरवा. सहज फिरली तर दोष कुलपाचा नाही. पायाखाली पाचर घाला, बिजागरी कसून घ्या.

एका किल्लीचे तीन खण असतील तर वरचा खण बाहेर काढून ठेवा आणि किल्ली फिरवताना मागची दांडी हलते का ते बघा. किल्ली फिरते पण दांडी हलत नाही, म्हणजे दांडी सुटली आहे. ती पुन्हा बसवली की झालं.

चार खणांचं उभं फाइल कपाट असेल तर आणखी एक गंमत आहे. त्यातल्या अनेक कपाटांत एक खण उघडा असताना दुसरा उघडत नाही. जड खण एकदम बाहेर आले तर कपाट अंगावर पडेल, म्हणून तशी रचनाच केलेली असते. सगळे खण नीट आत ढकलून मग उघडून बघा.

किल्ली नुसतीच जड फिरत असेल तर तेल घालू नका. खोबरेल तर नकोच, ते थंडीत गोठतं. शिलाई मशीनच्या तेलानं दोन दिवस बरं वाटतं, मग त्याला धूळ चिकटून आत चिखल होतो. शिसपेन्सिलीचं टोक किल्लीच्या दात्यांवर घासा, किल्ली चार-पाच वेळा आत-बाहेर करा, जास्तीचं काळं फडक्यानं पुसा. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट कोरडं असतं आणि पत्त्या त्यावर सहज सरकतात.

आणि किल्ली झिजली असेल तर नवी करताना न वापरलेली जोडकिल्ली नमुन्याला द्या. झिजलेल्या किल्लीवरून केलेली किल्ली झिजलेलीच निघते.

माप कसं घ्यायचं?

सगळ्यात सोपं म्हणजे जुनं कुलूप काढून दुकानात न्यायचं. पण दुकान तालुक्याला असेल आणि तेवढा वेळ कपाट उघडं ठेवायचं नसेल, तर कागदावर मापं लिहून न्या. कॅम लॉकची चार मापं लागतात, सगळी मिलिमीटरमध्ये.

एक, नळीची जाडी. तोंडाची नव्हे, आटे असलेल्या भागाची. बहुधा १६, १९ किंवा २२ मिलिमीटर भरते. ही नळी पूर्ण गोल नसते, दोन बाजूंनी चपटी असते. दाराचं भोकही तसंच असतं, त्यामुळे कुलूप जागच्या जागी गरगरत नाही. चपट्या बाजूंमधलं अंतरही लिहा.

दोन, नळीची लांबी, तोंडाच्या खालपासून आट्यांच्या शेवटापर्यंत. लाकडी दाराला लांब नळी लागते, पत्र्याला आखूड चालते. थोडी लांब मिळाली तर मागे वॉशर घालून भागतं. आखूड मिळाली तर नटच बसत नाही.

तीन, जीभ. स्क्रूच्या मध्यापासून टोकापर्यंत मोजा. ती सरळ आहे की मध्ये वाकवलेली आहे, हेही लिहा. सरळ जिभेच्या जागी वाकडी आणली तर ती चौकटीला पोचत नाही, नाही तर दारच लागू देत नाही. जुनी जीभ नव्या कुलपावर बसत असेल तर तीच वापरा.

चार, फिरणं. किल्ली पाव फेरा फिरते की अर्धा, डावीकडे की उजवीकडे, आणि बाहेर कधी येते. काही कुलपांतून किल्ली फक्त बंद असतानाच निघते. गटाच्या कपाटाला असंच कुलूप घ्या. किल्ली हातात आहे म्हणजे कपाट बंद आहे, याची खात्री राहते.

लाकडी खणाच्या कुलपासाठी नळीची जाडी, लाकडाची जाडी, मागच्या पेटीची लांबी-रुंदी आणि नळीच्या मध्यापासून पेटीच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. हे शेवटचं माप चुकलं तर जुन्या भोकात नवं कुलूप बसतं, पण खिट्टी वरच्या खाचेपर्यंत पोचत नाही. शोकेससाठी काचेची जाडी आणि दोन्ही काचा एकमेकींवर किती येतात तेवढं बघा.

बसवताना

कॅम लॉक बदलायला एक पेचकस, एक पाना आणि पंधरा मिनिटं पुरतात. आधी दार उघडून मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा, म्हणजे वॉशर कुठला आधी होता ते आठवत बसावं लागत नाही. जीभ बोटांनी धरून तिचा स्क्रू काढा, मग पान्यानं नट सोडवा, कुलूप पुढून बाहेर येईल. नवं पुढून घाला, नट कसा. प्लायवूड किंवा भुश्याच्या बोर्डाचं दार असेल तर नट हाताला घट्ट लागला की थांबा, जास्त आवळला तर बोर्ड चुरतो. मग जीभ लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दार उघडंच ठेवून दहा वेळा किल्ली फिरवून बघा. दोन्ही किल्ल्यांनी. मगच दार लावा. जीभ उलटी बसली असेल तर उघड्या दारात ती दोन मिनिटांत सुधारते, बंद दारात किल्लीवाला बोलवावा लागतो. मी स्वतः एकदा ही घाई केली आहे, आणि पेचकस कपाटाच्या आतच राहिला होता.

काचेच्या बाबतीत थोडं सांभाळून. शोकेसमधल्या वस्तू आधी काढा, पायांत चपला नव्हे तर बूट घाला. काच टफन्ड असेल तर तिला भोक पाडायचा विचारसुद्धा करू नका. टफन्ड काच भाजून कडक केलेली असते, आणि नंतर भोक पाडायला गेलं की तिचा अख्खा चुरा होतो. तिला भोकं पाडायची तर ती कडक करण्याआधीच पाडतात. तिथे दाते असलेल्या पट्टीचं कुलूप किंवा रबराच्या गादीसह काचेला चिमट्यासारखं धरणारं कुलूप लावा. चिमट्याचा स्क्रू हळूहळू कसा, आणि रबर काढून टाकू नका.

किल्ली हरवली आणि कपाट बंदच असेल तर हातोडा उचलू नका. पत्रा वाकला की दार पुन्हा सरळ बसत नाही. आधी कुलपाच्या तोंडावरचा नंबर वाचा. कुलूप चांगल्या कंपनीचं असेल तर नंबरावरून किल्ली मिळू शकते. नाही तर किल्लीवाल्याला बोलवा. मात्र गटाच्या दोघी-तिघी हजर असताना, आणि तशी नोंद वहीत करून. ड्रिल मारून कुलूप फोडणं हा अगदी शेवटचा उपाय.

कुलूप घेतलं, पुढे काय?

तीन कुलपं घ्यायची असतील तर काउंटरवरच नंबर बघा. तिन्ही वेगळे हवेत. नंबर नसेल तर एकाची किल्ली दुसऱ्याला लावून बघा. दुकानदार हसेल, हसू द्या.

नंबर गटाच्या वहीत लिहून ठेवा आणि किल्लीला लटकणारा नंबराचा बिल्ला काढून टाका. नंबर कळला की किल्ली होते. किल्लीचा फोटो कधीही ग्रुपवर टाकू नका. "ही कुणाची किल्ली सापडली?" म्हणून चांगल्या मनानं टाकलेल्या फोटोवरूनही दाते मोजता येतात.

किल्ली कुणाकडे दिली, कधी दिली, कधी परत आली, याच्या तीन रकाने आखून नोंदी ठेवा. दुसरी किल्ली पाकिटात घालून, पाकिटाच्या तोंडावर दोघींनी सही करून, तिसरीकडे ठेवा. बँकेतून गटाचे पैसे काढायला एकीची सही पुरत नाही. देवळाच्या दानपेटीलाही कितीतरी ठिकाणी दोन कुलपं असतात आणि त्यांच्या किल्ल्या दोघांकडे. हा अविश्वास नव्हे. ज्याच्याकडे किल्ली असते त्याला त्यामुळे सांभाळून घेतलं जातं.

आणि या छोट्या कुलपावर फार भिस्त ठेवू नका. मनात आणलं तर ते फोडणं कठीण नाही, आणि शोकेसची काच तर दगडानंही फुटते. रोख रक्कम बँकेतच भरा. खणात वही, शिक्के, आणि एखाद्या दिवसापुरते पैसे, एवढंच. कुलूप कशासाठी, तर उघडलं गेलं ते कळावं म्हणून, आणि ज्यांच्या हातून ते उघडलं गेलं नाही त्यांच्यावर बोट येऊ नये म्हणून.

त्या दिवशी कुलपांचे नंबर बघितल्यावर आम्ही चौघी खजिनदार ताईंच्या घरी गेलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, दारात गेल्यावर कुणाला सुचेना. शेवटी मी म्हटलं, "ताई, कुलूप खोटं होतं." त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "कुलूप खोटं होतं हे कळायला दोन आठवडे लागले. मी खरी आहे हे तुम्हाला पंधरा वर्षं माहीत होतं."

त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. चहा झाला. पुढच्या बैठकीला त्या आल्या, पण किल्ली घ्यायला नको म्हणाल्या. नवं कुलूप आणलं तेव्हा ते त्यांच्याच हातानं बसवलं. नट त्यांनी कसला, उघड्या खणात दहा वेळा किल्ली फिरवून बघितली, आणि मग ती माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "आधी वहीत लिही."

मी लिहिलं. तेव्हापासून आमच्याकडे तसंच चालतं.

मैत्रिणींनो, आज घरी किंवा गटाच्या खोलीत गेलात की एवढंच करा. खणाचं कुलूप ओल्या फडक्यानं पुसा आणि त्याच्यावरचा नंबर वाचा. तोच नंबर शेजारच्या टेबलावर दिसला तर उद्याच बाजारात जा. पैसे कमी भरायची वाट बघू नका.